फुटाण्याची आजी

पाच वर्षं टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये जो फुटाण्या बोलत होता, त्याचा आवाज खडकीच्या बासष्ट वर्षांच्या यमुनाबाईंचा होता. फुटाण्या आठ वर्षांचा उपद्व्यापी पोरगा. यमुनाबाई बालवाडीच्या निवृत्त बाई. शेजारच्या इंदुबाईंना हे कधीच पटलं नाही. एकदा यमुनाबाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून फुटाण्याची आरोळी ठोकून दाखवली. इंदुबाईंनी शांतपणे पोळी उलटली.

"बरा जमतो हो तुम्हाला. पण टीव्हीतल्यासारखा नाही."

तेव्हापासून यमुनाबाईंचा एकच ध्यास: एकदा तरी पडद्यावर आपलं तोंड दिसलं पाहिजे.

२००९ साली संधी आली. हे कार्टून काढणाऱ्या येरवड्यातल्या स्टुडिओचे मालक सुदर्शन यांनी फुटाण्यावर खऱ्या माणसांचा चित्रपट काढायला घेतला. त्यांनी यमुनाबाईंना बोलावलं.

"मावशी, आजीचा रोल ठेवलाय तुमच्यासाठी."

"संवाद किती?"

"आजी फोटोत आहे. हार घातलेली."

"म्हणजे मी मेलेय."

"पिक्चर सुरू व्हायच्या आधीच. पण फोटो मोठा आहे, मावशी. भिंतभर."

इंदुबाई काय म्हणतील ते यमुनाबाईंना तिथेच ऐकू आलं: फोटो काय, कुणाचाही लावतात. तरी त्यांनी होकार दिला. नाहीपेक्षा फोटो बरा.

सुदर्शन यांनी बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली होती. फुटाण्या निवडायचा तर शिस्तीत, असं म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. कानांना गुण, फट असलेल्या पुढच्या दातांना गुण, उभ्या केसांना गुण, गुडघ्यांनासुद्धा गुण. साडेचारशे पोरांचे फोटो ईमेलने आले. कोथरूडचा प्रज्ञेश शंभरात शहाण्णव गुणांनी पहिला आला. चित्रातला पोरगाच जणू कागदावरून उतरला होता. करार झाला, पोस्टरं छापून झाली.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी प्रज्ञेश कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तेव्हा सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. मग त्याने तोंड उघडलं. पोरगा दिसायला आठचा, पण होता तेराचा, आणि नुकताच आवाज फुटला होता. फुटाण्याची आरोळी तहसील कचेरीतल्या शिपायाने पुकारा करावा तशी निघाली.

"तक्त्यात आवाजाचा कॉलम नव्हता?" सहायक नम्रताने विचारलं.

"फोटोला आवाज असतो का?" सुदर्शन खेकसले.

संध्याकाळी ते खडकीला यमुनाबाईंच्या दारात हजर झाले.

"मावशी, प्रज्ञेश नुसते ओठ हलवेल. आवाज तुम्ही द्यायचा."

"देईन की. हार काढा."

"कसला हार?"

"फोटोवरचा. आजीला जिवंत करा."

"अहो, आजी गेली म्हणून तर पोरगा घर सोडून निघतो! गोष्टच तिथून सुरू होते."

"आजी जिवंत असताना निघायला त्याला काय होतंय? माझी नातवंडं निघतात की. विचारतसुद्धा नाहीत."

सुदर्शन यांनी दारातूनच लेखकाला फोन लावला. दोन दिवसांत आजी उठून बसली. तिला चार प्रसंग मिळाले, खोकल्यासकट अकरा वाक्यं मिळाली. शिवाय शेवटी फुटाण्याला दोन धपाटे घालायचे होते. ते यमुनाबाईंनी मनापासून घातले.

पहिल्या खेळाला त्यांनी इंदुबाईंना स्वतःच्या शेजारी बसवलं. पडद्यावर आजी आली, बोलली, खोकली, तिने धपाटे घातले. फुटाण्याने आरोळी ठोकली आणि थिएटरमधली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. यमुनाबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या इंदुबाईंकडे पाहत होत्या.

दिवे लागले. इंदुबाईंनी चष्मा पुसला, पर्स काखेत घेतली.

"तुम्हीच होतात हो. ओळखलं मी तुम्हाला."

यमुनाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"पण काय हो," बाहेर पडता पडता इंदुबाई म्हणाल्या, "आजीला आवाज कुणाचा घातलाय? तुमचा काही वाटला नाही."