परीक्षेपुरते दिवंगत

"मिस्त्री, हिचा उजवा हात कापायचाय," बाई म्हणाल्या. "उद्या परीक्षेच्या आधी मिळाली तर बरं होईल."

मिस्त्रींनी रंधा थांबवला. सुतारखान्याच्या दारात बाईंनी एका माणसाएवढ्या बाहुलीला कमरेत धरून उभं केलं होतं. कपड्यांच्या दुकानात काचेमागे असते तशी. लांब पापण्या, लाल ओठ, आणि उजवा हात निघून चाललेल्या बसला दाखवावा तसा वर.

"हात मध्ये येतो. पेटीचं झाकण लागत नाही."

"कुठल्या पेटीचं?"

"आपल्या. अंत्यविधीच्या." बाई जरा अवघडल्या. "हे आपले मयत. वय एकसष्ट, कापडाचे व्यापारी, मागे दोन मुलगे."

मिस्त्रींनी व्यापाऱ्याच्या पापण्यांकडे पाहिलं.

"पुरुष मिळाला नाही हो. दुकानदार म्हणाला, पुरुषांचे पुतळे लवकर खराब होत नाहीत, म्हणून कुणी विकायला काढत नाही."

मिस्त्रींना विचारायचं होतं, 'मग मी?' पण तोंडून निघालं, "मिशी काढून देऊ का?"

"नको, हाताचंच बघा तेवढं." व्यापाऱ्याला भिंतीला टेकवून बाई घाईने निघून गेल्या. वर्ष संपत आलं होतं. त्या आठवड्यात तिथे कुणीच सावकाश चालत नसे.

ती पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू घडवणारी शाळा होती. शास्त्र शिकून झालं की शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्यांपुढे दोन डोंगर असत. एक प्रबंध आणि दुसरं पाळकीय सेवेचं प्रात्यक्षिक. बाप्तिस्म्याला रबरी बाळ असे. लग्नाला पूर्वी वर्गातलेच दोघं उभे करत. एका वर्षी त्या दोघांनी परीक्षेनंतर खरोखरच लग्न केलं आणि प्रबंध अर्धेच राहिले. तेव्हापासून लग्नाला दोन खुर्च्या मांडतात. आणि अंत्यविधीला मिस्त्री असत.

ते मुद्दाम ठरलेलं नव्हतं. बाई याच वर्षी आलेल्या; त्यांच्या आधीच्या सरांनी सरावासाठी पेटी करायला सांगितली, तेव्हा मिस्त्री माप बघायला आत आडवे झाले. तेवढ्यात एक विद्यार्थी परीक्षेला आला, पेटीत माणूस दिसताच त्याचा चेहरा पडला आणि तो मनापासून प्रार्थना करू लागला. सर मिस्त्रींच्या कानाशी येऊन म्हणाले, "उठू नका. मुलगा पहिल्यांदाच बरा बोलतोय." तिथून पुढे दर वर्षी मिस्त्री शाळेसाठी मरत आले.

नियम असा, की विधीआधी पाळकाने मयताच्या घरी जाऊन त्याची माहिती घ्यावी. पहिल्या वर्षी मुलं मिस्त्रींच्या घरी गेलीही. दार बायकोने उघडलं. "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," एवढं वाक्य पुरं व्हायच्या आत ती झाडू घेऊन फाटकापर्यंत आली होती. मग मयताची चौकशी मयताकडेच करायची पद्धत पडली. वर्षाच्या शेवटी मुलं एकेक करून सुतारखान्यात येत, लाकडाच्या ढिगावर बसत आणि विचारत, "काका, तुम्ही लहानपणी कसे होता?" "काका, तुम्हाला कशाचं वाईट वाटतं?" एरवी वर्षभर मिस्त्रींना लोक फक्त 'कधी देताय?' एवढंच विचारत.

पेटीत झोपून ते सगळं ऐकत. एकाने त्यांना पट्टीचा पोहणारा केलं होतं. मिस्त्री पाण्याला भीत. एकीने त्यांच्या सहनशीलतेवर इतकं सुंदर भाषण केलं, की त्यांनी घरी जाऊन बायकोला ते शब्दन्‌शब्द सांगितलं. ती म्हणाली, "कुणाबद्दल बोलत होती?"

या वर्षी कुणी आलं नव्हतं. मिस्त्रींना वाटलं होतं, प्रबंधात अडकली असतील पोरं.

त्यांनी करवत घेतली. मनात आलं, हात जरा वरून कापला तर खांदाच निकामी होईल. मग त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि रेघेवरच कापलं. दुसरं त्यांना जमत नव्हतं. बाहुली आतून पोकळ निघाली. खांद्यात लाकडी खुंटी बसवून त्यांनी हात छातीवर आडवा घेतला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. काम झकास झालं होतं. त्याचंच वाईट वाटलं.

"काका, ही कोण?"

दारात शिडी उभी होती. शिडी म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी. उंचीमुळे दाराच्या चौकटीत शिरताना तो रोज नमस्कार केल्यासारखा वाकत असे. स्वभावाने मऊ. पण भीती वाटली की त्याला हसू फुटे, आणि अंत्यविधीत त्याला फार भीती वाटे. या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर दीक्षा नाही, सांभाळायला चर्चची मंडळी नाही. सामान बांधून घरी जायचं.

"उद्याचे मयत आहेत. पाया पड," मिस्त्री म्हणाले.

शिडीने व्यापाऱ्याचे ओठ पाहिले आणि तो तिथेच भुश्यात खाली बसला. "मेलो. काका, मी हिच्यासमोर एक मिनिट टिकणार नाही. तुम्ही मरा ना माझ्यासाठी. शेवटचं."

"माझ्यासमोर तरी कुठे टिकलास?"

"मागच्या खेपेला तुमच्या पोटात आवाज झाला."

"माणूस उपाशी झोपला होता तिथे! तुझा नंबर शेवटचा."

"बाईंना सांगून बघू?"

"त्या म्हणतात, जिवंत माणसाला पेटीत घालणं बरं नाही. वयाचा मान ठेवायला हवा म्हणे." मिस्त्रींनी करवत खुंटीला अडकवली. "आजवर कुणी ठेवला नव्हता, म्हणून सवय नाही."

संध्याकाळी बायकोने बातमी ऐकली. मिस्त्रींना वाटलं होतं, ती टाळ्या पिटेल. दर वर्षी ती म्हणायची, "घरातलं दार वर्षभर कुरकुरतंय, आणि हे तिकडे मरून पोरांना मार्क मिळवून देतायत." आज तिने नुसतं विचारलं, "मग जागेवर कोण?"

"दुकानातली बाहुली."

"बाई?"

"नावाला पुरुष आहे."

तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुमच्याइतकं निपचित पडायला कुणाला जमणार आहे? मी बघते ना रोज."

सकाळी खुर्चीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट ठेवलेला होता. दर वर्षी पेटीत घालायचे तोच.

"आज कशाला हा?" मिस्त्रींनी विचारलं.

"घाला. बघणाऱ्यानेही जरा बरं दिसावं."

प्रार्थनागृहात सकाळची उपासना चालू होती. प्राचार्य कुणावर कधी रागावत नसत. त्यांना जे बोलायचं असेल ते ते डोळे मिटून देवाला सांगत. "हे प्रभू," ते म्हणत होते, "आज पाच वाजता प्रबंधांची मुदत संपते हे तू जाणतोस. ज्यांनी अजून दिला नाही त्यांची नावं तुला ठाऊक आहेतच, तरी मी वाचतो." त्यांनी वाचली. प्रत्येक नावाबरोबर कुठल्या तरी बाकावर एक डोकं आणखी खाली जात होतं. "आणि प्रभू, ग्रंथालयाची लाकडी शिडी ज्याने पडदे लावायला म्हणून आंबे काढायला नेली, त्याला ती परत करण्याची बुद्धी दे." 'आमेन' इतका मोठा झाला, की त्यात सुटकाच जास्त होती.

मग परीक्षा सुरू झाली. पहिल्यांदाच मिस्त्री शेवटच्या बाकावर बसले होते.

बाहुली उत्तम मेली होती. तिला शिंक येत नव्हती, पापणी हलत नव्हती. एकेक विद्यार्थी येई, पुढच्या बाकावर मयताचे मुलगे म्हणून बसवलेल्या दोघा विद्यार्थ्यांचं सांत्वन करी आणि कापडाच्या व्यापाऱ्यावर बोले. व्यापारी प्रामाणिक होता. त्याने कधी मापात मारलं नाही. त्याने जीवनाचं वस्त्र विणलं. चौथ्या विद्यार्थ्यापर्यंत ते वस्त्र इतक्या वेळा विणून झालं होतं, की बाईंनीच जांभई दाबली. पण चूक कुठेच नव्हती. सगळे पास होत होते. मिस्त्री ऐकत राहिले. आपल्यावाचून काही अडलं नाही, हे त्यांनी पेटीबाहेरून स्वच्छ पाहिलं.

शिडीची पाळी आली तोपर्यंत प्रार्थनागृह जवळजवळ रिकामं झालं होतं. परीक्षा झालेले सगळे प्रबंध पुरा करायला पळाले होते. व्यापाऱ्याचे दोन्ही मुलगेही त्यात गेले.

"कुटुंबाशिवाय कसं करायचं?" बाईंनी मान वळवून पाहिलं. "मिस्त्री, जरा पुढे येऊन बसता का? वडील गेलेत म्हणायचं."

मिस्त्री उठून पुढच्या बाकावर बसले. शिडी पेटीजवळ आला. त्याने आत पाहिलं. लाल ओठ, आणि छातीवर आडवा घेतलेला तो हात. त्याचे खांदे हलायला लागले. त्याने ओठ चावला, छताकडे पाहिलं, खोकल्याचं सोंग केलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

शेवटी तो पेटीकडे पाठ करून मिस्त्रींसमोर वाकला. हसू दाबल्याने डोळ्यांत पाणी होतं. पाठ केलेला प्रश्न कसाबसा बाहेर पडला, "आपलं कोण गेलं?"

वडील म्हणायचं होतं. मिस्त्रींनी तोंडही तसं उघडलं. पण नजर पेटीकडे गेली. आतली फळी त्यांनी स्वतःच्या खांद्यांना लागू नये म्हणून तासली होती.

"मीच," ते म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. शिडीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो उभा राहायचं विसरला आणि मिस्त्रींशेजारी बाकावर बसला.

"कसे होते?" त्याने हळूच विचारलं.

मिस्त्रींनी विचार केला. "बरे होते. बायकोला विचारशील तर निम्मे बरे. फार काही केलं नाही त्यांनी. पडून राहायचे. कुणी आपल्याविषयी बोललं की ऐकायचे. आवडायचं त्यांना ते."

"खोटं बोललं तरी?"

"खोटं जास्त आवडायचं."

शिडी उठला. यावेळी तो पेटीच्या बाजूला उभा राहिला, पण बोलला पुढच्या बाकाशी.

"हे गृहस्थ माझ्यासाठी दोनदा मेले," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मी हसलो. पहिल्या वेळी तर फार मोठ्याने. यांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या वेळी पोटातून आवाज आला, पण तो भुकेचा होता, रागाचा नव्हता. मी नापास झालो तेव्हा पेटीतून उठून यांनी मला चहा पाजला. आम्ही दर वर्षी यांना विचारायचो, तुम्ही कसे आहात, कसे होता. उत्तर घ्यायचो, मार्क घ्यायचो, जायचो. यांनी आम्हाला काय विचारलं ते मात्र आज आठवतंय. हे विचारायचे, जेवलास का." तो थांबला. "मी आज जेवलो नाही, काका. पण मी हसणार नाही."

आणि तो हसला नाही. शेवटची प्रार्थना त्याने अडखळत, पण शेवटपर्यंत म्हटली.

बाईंनी क्रमाचा कागद वरून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "व्यापाऱ्याविषयी एक अक्षर नाही. दिलेला क्रम पाळला नाही. बाकावर बसणं नियमात नाही." त्यांनी टोपण लावलं. "पास."

शिडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसत होता की काय, हे या खेपेला कुणी तपासलं नाही.

विधीनंतर सगळ्यांनी रांगेने घरच्या माणसाचा हात हातात घ्यायचा असतो. मिस्त्री दाराशी उभे राहिले. पहिले आले प्राचार्य; ते खरं म्हणजे प्रबंध न दिलेल्यांना शोधत होते. मागून कागदांचे गठ्ठे काखेत मारून पळणारी मुलं आली, रांग दिसल्यावर तीही सवयीने रांगेत लागली. "सावरा स्वतःला." "फार भला माणूस होता." मिस्त्री प्रत्येकाला "हो, होता," म्हणत होते. एकाने पुढे गेल्यावर मागच्याला विचारलं, "गेलं कोण पण?"

सगळ्यात शेवटी बाई आल्या. "मुलं तुमच्याकडे येऊन बसायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मी पुढच्या वर्षी चालू करीन. पण पेटीत मात्र तुम्हाला परत झोपवणार नाही हं."

"नका," मिस्त्री म्हणाले. "बसायची सवय करतो."

चौघांनी पेटी खांद्यावर घेतली. ती प्रार्थनागृहापासून सुतारखान्यापर्यंत वाहून नेली की परीक्षा संपे. इतकी वर्षं मिस्त्री तिच्यात डोळे मिटून जात. आज ते मागून चालत निघाले. बाहुली हलकी. पोरं भराभर पावलं टाकत होती, मागच्या कोपऱ्याला शिडी, त्यामुळे पेटी पुढे कललेली. मिस्त्रींना दम लागला. ही वाट चढाची आहे, हे त्यांना आजवर कळलंच नव्हतं.

"हळू चला रे," शिडी पुढच्यांना म्हणाला. "घरची माणसं मागे राहिलीत."