कलिंगडाचा वास

पाथर्डीच्या जुन्या स्टँडजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल, मिक्सर, बॅटऱ्या, रेडिओ, जे येईल ते. माझा स्वभाव तापट आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि त्याला गिऱ्हाइकं कारण आहेत. वस्तू बिघडली की माणसं आधी तिला थापडा मारतात, मग फुंकर मारतात, मग घरातल्या घरात उघडतात आणि स्क्रू हरवले की माझ्याकडे आणतात. वर तोंड करून सांगतात, "जालिंदरभाऊ, कालपरेंत चांगलं चालू हुतं." मी कुणाचंच ऐकत नाही. सरळ मल्टिमीटर लावतो. तो कुणाची भीड धरत नाही.

त्या दिवशी दुपारी चांगुणावैनी आल्या. आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचा चेतन नगरला एमआयडीसीत कामाला होता, दर शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवर घरी यायचा. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी करंजी घाटात ट्रकखाली गेला. मी त्याला खांदा दिला होता. तेव्हापासून वैनी कुणाच्या दारात गेलेल्या नव्हत्या. त्यांना पायरीवर बघितलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून स्टूल पुढे सरकवलं. त्या बसल्या, रस्त्याकडे पाठ करून.

पदराची गाठ सोडून त्यांनी एक निळी कांडी काढली. बोटाएवढी, एका टोकाला चपटी.

"ही सर्दीची कांडी चालू करून द्या, भाऊ. चेतनच्या प्यांटीच्या खिशात हुती."

मी बघताक्षणी ओळखलं. ई-सिगारेट. कॉलेजची पोरं असल्या कांड्या रुमालात गुंडाळून आणतात, चार्जिंग होत नाही म्हणतात. बंदी असलेली वस्तू. मी बापाचं नाव विचारलं, की पोरं पळालीच. पण चेतन? आईसमोर मान वर करून न बोलणारा पोरगा. मला खरंच वाटेना.

"सर्दीची न्हाई ही," मी म्हणालो.

"मग अत्तराची आसंल. नाकाला लावून बघितली मी. बारीक वास येतो. कलिंगडाचा." त्यांनी कांडी माझ्या हातात दिली, पण नजर तिच्यावरच ठेवली. "शनवारी मी चुलीपुढं बसलेली असायची, दाराकडं पाठ. आधी ह्यो वास यायचा. ऐन थंडीत बी. मला वाटायचं, कसला साबन लावतो काय की. वास आला की मी मागं न बघता म्हनायची, 'हातपाय धू, भाकरी टाकते.' मग त्यो आत यायचा. कंदी चुकलं न्हाई."

मला सगळं कळलं. पोरगा भिंतीआड उभा राहून शेवटचा झुरका मारत होता, कांडी खिशात टाकत होता आणि मग आईसमोर जात होता. तिला कळू नये म्हणून एवढा आटापिटा, आणि त्याचा धूर त्याच्याआधी चुलीपाशी पोचत होता.

"त्याची कापडं आसतील की," मी म्हणालो.

"जावंनं धुतली. चांगल्या मनानं धुतली बिचारीनं. आता नुसता निरम्याचा वास येतो." त्यांनी कांडीकडे बोट केलं. "हेवढंच राह्यलंय. कसली हाय ही, भाऊ?"

"अत्तराचीच," मी म्हणालो. एरवी मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. त्या दिवशी नाही बोललो.

पातळ पात्याने मी कांडी हलक्या हाताने उकलली. आधी बॅटरीला मीटरच्या दोन्ही पिना लावल्या. आकडा हललाच नाही. "बॅटरी मे..." एवढं तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. "बॅटरी उतरलीय," मी म्हणालो. "त्याचं काय न्हाई, दुसरी जोडता येते."

वैनींच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. तो बघून मलाच भीती वाटली.

धूर करणारी खरी वस्तू म्हणजे आतली तारेची गुंडाळी. तिच्याभोवती कापूस असतो, त्या कापसात तो वासाचा रस. मी मीटरचा खटका आवाजावर फिरवला, तार अखंड असली की तो वाजतो, आणि सवयीने दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघितल्या. पीं करून वाजलं.

"वाजलं!" वैनी स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

"ते मी मीटरच तपासला, वैनी. अजून लावायचंय."

मग गुंडाळीच्या दोन टोकांना लावल्या. आवाज नाही. टोकं खरवडून पुन्हा लावल्या. नाही. पिना दाबून धरल्या, कोन बदलला, मीटरला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पडद्यावर डाव्या कडेला नुसता एकचा आकडा उभा होता. इकडून काहीच तिकडे जात नाही, असा त्याचा अर्थ.

"काय म्हनतंय?"

"आतली तार तुटलीय."

"जोडा की मग."

"केसाएवढी हाय. आन तिला सोल्डरचा डाग धरत न्हाई."

त्यांनी मान हलवली. माझ्याशी हुज्जत घालायला हवी होती, मला बरं वाटलं असतं. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला, तुकडे परत घ्यायला.

मला राग आला. तारेचा, ट्रकचा, नेमका कुणाचा ते सांगता येणार नाही. मी तुकडे दिले नाहीत. भिंग लावून कापूस बघितला. अजून ओलसर होता.

"वैनी, एक करता यील. सोल्डरिंगचं टोक तापवून कापसाजवळ नेलं तर वास यील. चांगला यील. पन एकदाच. मग कापूस कोरडा झाला, संपलं. न्हाईतर आशीच डबीत घालून ठिवा, बारीक वास थोडे दिस राहील."

त्या काउंटरवरच्या कापसावर वाकल्या. रस्त्यावर जीपवाला शेवगाव, शेवगाव म्हणून ओरडत होता.

"बारीक वासानं त्यो लई लांब हाय आसं वाटतं," त्या म्हणाल्या. "एकदा जवळ येऊ द्या."

मी पंखा बंद केला. वारं नको म्हणून शटर अर्ध्याच्याही खाली ओढलं. सोल्डरिंग तापलं, तेव्हा मी मनगट काउंटरवर टेकवलं. कापूस चिमट्यात धरला आणि गरम टोक त्याच्याजवळ नेलं. आधी जरा करपट वास आला. टोक किंचित मागे घेतलं. मग पांढरी वाफ उठली आणि दुकानभर कलिंगड झालं. गोड, गार, पिकलेलं.

वैनींनी नाक पुढे केलं नाही. त्या ताठ बसल्या, डोळे मिटले.

"हातपाय धू," त्या म्हणाल्या, "भाकरी टाकते."

आणि तेवढ्यात शटरखाली पाय दिसले. काळे बूट, धुळीने भरलेले. ते थांबले.

बूट वाजल्याचं वैनींनी ऐकलं होतं. त्या उठून वळल्या.

"शटर वर घ्या की, भाऊ," त्या घाईने म्हणाल्या. "त्यो आत कसा यील?"

आणि खोटं कशाला सांगू, मीही उठलो. त्याला खांदा दिलेला माणूस मी, पण त्या घडीला कापूस काउंटरवर टाकून, वळसा घालून धावलो आणि दोन्ही हातांनी शटर वर ढकललं.

बाहेर एक अनोळखी पोरगा उभा होता. त्याने मोबाईल पुढे केला.

"काच बसवून मिळंल का?"

रस्त्यावरचं वारं भसकन आत आलं. त्यात डिझेलचा वास होता, पलीकडच्या गाड्यावरच्या भज्यांचा होता. मी मागे वळलो, काउंटरवरचा कापूस हुंगला. कोरडा.

वैनी तशाच उभ्या होत्या, दाराकडे बघत. पिठाचे असावेत तसे हात पदराला पुसत होत्या.