बोट बायकोचं, आकडा नवऱ्याचा

सलूनवाल्या काकांना मधुमेह निघाला आणि सगळ्यांत जास्त घाबरली ती त्यांची लेक. तिने लगेच बाबांच्या मोबाईलमध्ये दवाखान्याचं ॲप घातलं. रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचायची आणि यंत्रावरचा साखरेचा आकडा ॲपमध्ये भरायचा. तो दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना दिसे आणि सासरी बसलेल्या लेकीलाही. सोय झकास! पण आकडा जरा चढला की लेकीचा फोन आलाच.

"बाबा, पुन्हा बिस्किटं हाणलीत ना? लहान आहात का आता?"

दिवसभर लोकांच्या दाढ्या करणाऱ्या काकांची घरी रोज बिनपाण्याने होऊ लागली.

शेवटी काकूंनाच दया आली. "अहो, उद्यापासून माझं बोट घ्या. मी चांगली धडधाकट आहे. घरात शांतता तरी नांदेल!"

झालं! आकडे सुतासारखे सरळ आले. लेक खूश, आणि काकांचा चहा पुन्हा गोड.

एका दुपारी काकू डबा घेऊन सलूनमध्ये आल्या होत्या, तेवढ्यात ताईंचा फोन आला. काकांनी हातातला वस्तरा ठेवून स्पीकर लावला.

"काका, मध्ये सगळं छान होतं, पण आता बरेच दिवस साखर रोज थोडी-थोडी चढतेय, घरात कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी. गोळ्या घेताय ना?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू आपल्या टोचलेल्या बोटाकडे बघू लागल्या.

"ताई... ते रक्त माझं नाही हो. हिचं आहे!"

आता वाभाडे निघणार म्हणून काकांनी डोळे मिटून घेतले. पण ताई म्हणाल्या, "सुई तरी वेगवेगळी वापरलीत ना?"

"हो, तेवढी अक्कल होती!"

"मग उद्या दोघंही तपासणीला या. पण काका, असं का केलंत?"

"बोलणी खाऊन कंटाळलो, ताई. आकडा वाढला की आमच्या घरात कोर्टच भरतं."

"अहो, आकडा म्हणजे काही गुन्हा नव्हे! तो फक्त आज काय बदलायचं ते सांगतो. मोबाईलला बिचाऱ्याला काय कळणार, बोट कोणाचं ते? खरं तुम्हीच सांगायला हवं. आणि खरं सांगावंसं वाटेल असं घरच्यांनी वागायला हवं. लेकीशी मी बोलते."

त्याच संध्याकाळी लेक फोनवर रडली. "बाबा, तुम्हाला काही होईल या भीतीने मी ओरडत होते हो!"

"अगं वेडे, मग तसंच म्हणायचं होतंस!" काका म्हणाले.

तपासणीत काकूंची साखर मधुमेहाच्या अगदी कुंपणावर सापडली. वेळेवर कळलं म्हणून गोळीवाचून भागलं. आता काका-काकू जोडीने फिरायला जातात. काकांचा आकडा कधी चढतो, कधी उतरतो, पण ॲपमध्ये जातो मात्र खरा. आणि लेक आधी विचारते, "बाबा, आज बरं वाटतंय ना?"

मंडळी, यंत्र रक्तातली साखर मोजेल, मोबाईल ती दूरवर पोचवेल. पण आजारी माणसाला धीर देण्याचं काम तुमचं-आमचंच आहे. धाकाने माणूस आजार लपवतो, मायेने तो आजाराशी झुंजतो!