चार पुस्तकांची फट

गवंडी मला ओळंबा म्हणतात. पितळेचा, पेरूएवढा गोळा. डोक्यातून दोरी, आणि दोरीत ओवलेला माझ्याच जाडीचा लाकडी गुटका. गुटका वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. फट राहिली तर भिंत कलली. एवढंच मला कळतं, पण जे कळतं ते मी लपवू शकत नाही.

नगरच्या एका लेथवर मी घडलो. खर्ड्याजवळच्या आमच्या गावात खाजाभाई गवंड्याने मला तीस वर्षं वापरलं. त्यांचे गुडघे गेले आणि मी चुलीमागच्या खिळ्याला लटकलो. काळा पडलो. घरात कुणाला माझी आठवण नव्हती.

आठवण झाली ती सहा वर्षांच्या अलिझाला, खाजाभाईंच्या नातीला. शाळेत सायलीबाईंनी सांगितलं होतं, घरून मोजायची एखादी वस्तू आणा. कुणी मापटं आणलं, कुणी शिंप्याची टेप. अलिझाने मला राखेनं घासलं आणि दप्तरात घातलं.

ही शाळा मला आवडली. पहिली ते चौथी सगळी पोरं एकाच खोलीत. बाई उत्तर सांगायच्याच नाहीत. "आधी अंदाज करा, मग मोजा," म्हणायच्या. आणि पोर उत्तर घेऊन आलं की हसून विचारायच्या, "कशावरून?" आठवडाभरात पोरांनी माझ्याकडून दार तपासलं, फळा तपासला, कपाट तपासलं. कपाट कललेलं निघालं, तेव्हा केवढा जल्लोष!

मग एका सकाळी अलिझा म्हणाली, "बाई, टाकीचा खांब बघायचा का?"

गावाची पाण्याची टाकी शाळेच्या आवाराला लागूनच आहे. चार खांबांवर पन्नास हजार लिटर पाणी. बाईंनी शाळेकडच्या खांबाला, शिडीच्या चौथ्या पायरीशी गुटका टेकवून माझी दोरी बांधली. मी खाली आलो, डोललो, थांबलो. माझ्या आणि खांबाच्या मध्ये फट होती.

अलिझाने फटीत चिंचोका घातला. बसला. चार दिवसांनी दोन बसले.

"चिंचोके बारीक-मोठे असत्यात," तिसरीतला कल्याण म्हणाला. "हे माप खरं न्हाई."

बाई खूश झाल्या. "मग सारख्या जाडीचं काय घ्यायचं?"

पोरांनी डोकं खाजवलं. कल्याणनेच पहिलीची गणिताची पुस्तकं उचलली. सगळी नवी, सगळी एकसारखी. एक पुस्तक फटीत गेलं. दुसरं गेलं नाही. भिंतीवरच्या कागदावर पोरांनी एका पुस्तकाचं चित्र काढलं.

पुढच्या सोमवारी दुसरंही गेलं.

त्या दिवशी बाई हसल्या नाहीत. दोरी सुटली असेल म्हणून त्यांनी ती पुन्हा बांधली. वारा असेल म्हणून दुपारी पुन्हा पाहिलं. दोन पुस्तकं. संध्याकाळी त्यांनी पंचायतीत अर्ज दिला.

सरपंच रविराज आले ते हसतच. सोबत खाजाभाईंना काठी टेकत आणलं होतं. "खाजाभाई, तुमी जुनं गवंडी. सांगा ह्या बाईंना. पंचवीस वर्सं उभी हाय टाकी, आता काय हुतंय तिला?"

"मग आदी दोनच पुस्तकं का जात हुती?" अलिझा म्हणाली. तिच्या हातातलं तिसरं पुस्तक तेव्हा फटीत सरकत होतं.

खाजाभाईंनी मला हातात घेतलं.

"दादा," नातीने आजोबांना विचारलं, "खांब जमिनीत किती खोल हाय?"

म्हाताऱ्याने खाली पाहिलं. वरून पाझरणारं पाणी त्या खांबाच्या बुडाशी टपटपत होतं. तिथली माती कायम ओली असायची.

"तीन खांब मुरमाला टेकल्यात," ते म्हणाले. "ह्यो चवथा काळ्या मातीत उभा हाय. हितं मुरूम लई खोल हुता, ठेकेदाराला घाई हुती. मला तवाच ठाव हुतं. मी बोललो न्हाई."

त्या कामावर मीही होतो. त्या दिवशी मी खांबाला नीट शिवलो होतो. खांब सरळच होता. पायाखाली काय आहे ते मला दिसत नाही.

"जुनं झालं ते," सरपंच म्हणाले. चेहरा उतरला होता, तरी म्हणाले, "वर कळवतो. टाकी रिकामी केली तर गाव पाणी काय पिणार?"

बाईंनी त्याच दिवशी वर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाला, समाजमंदिरात हलवला. लोक हसले. पण पोरांचं मोजणं थांबलं नाही. टाकी पडली तर कुठवर पोचेल? सकाळी काठीची सावली काठीएवढी होईपर्यंत पोरं थांबली, आणि त्या क्षणी टाकीची सावली, म्हणजेच टाकीची उंची, दोरीने मोजली. तेवढ्या दोरीने बाईंनी टाकीभोवती फक्कीची पांढरी रेघ मारली. शाळा रेघेच्या आत आली. गावाचा नळही आत आला.

पहिल्या दिवशी बायका रेघ ओलांडून पाणी भरत होत्या. दुसऱ्या दिवशी बनुबाई आपला हंडा घेऊन रेघेबाहेर थांबली. "माज्या नातवानं सावली मोजलीया," म्हणाली, "मी न्हाई जायची आत." तिच्यामागे आणखी चौघी थांबल्या. हसणं कमी झालं.

आज सकाळी सरपंच एकटेच आले. पिशवीतून पहिलीच्या गणिताची चार पुस्तकं काढली; पोरांकडून मागून आणलेली असावीत. एकेक फटीत घातलं. चौथं आत गेलं, आणि त्यांनी हात काढल्यावर पुस्तकं सैल होऊन खाली पडली.

"आसाराम! मोटर बंद कर!" ते ओरडले. पाणी सोडणारा आसाराम मोटर बंद करून धावत आला, पण सरपंचांनी त्याला रेघेवर अडवलं. "तू थांब तितंच." खालचा व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः फिरवला आणि मागे न बघता पळाले.

तेव्हापासून पाणी ओढ्याकडे वाहतंय. अख्खं गाव रेघेबाहेर गोळा झालंय. खाजाभाई एका दगडावर बसलेत, तोंडावर रुमाल धरून. टाकी अजून अर्धीही उतरलेली नाही. वारा नाही, तरी माझी दोरी हलते आहे. खांबाच्या आतून बारीक करकर ऐकू येते. ती बाहेर पोचत नसावी.

अलिझा रेघेशी उभी आहे. तिचं बोट माझ्याकडे आहे. "बाई, माजा ओळंबा आत ऱ्हायला," ती रडवेली होऊन म्हणते, आणि बाईंच्या हातातून मनगट सोडवू पाहते.

बाई, तिला सोडू नका. पोरी, तू मोजलंस, तुझं काम झालं. दुसरा ओळंबा मिळेल. मला सोडवायला येऊ नकोस.