एकोणसाठ सूर्य

ललिताबाईच्या डाव्या डोळ्यात काय आहे, हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! तुमसरच्या एका राईस मिलमध्ये तांदळाच्या नमुन्यातले खडे अन् काळे दाणे निवडायचं तिचं काम, सतरा वर्षांचं. सारा डोळ्यांचा खेळ. एक डोळा कामातून गेलाय हे मुकादम पुंडलिकरावांच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई बसली असती.

तर गोष्ट दोन हजार बावीसच्या दिवाळीची. लक्ष्मीपूजन झालं अन् दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण. ललिताबाईची कामिनी तेव्हा आठवीत, जिभेनं तिखट. आठ दिवसांपासून मजुरांच्या चाळीत डांगोरा पिटत होती, की शाळेतून ग्रहणाचा चष्मा मिळालाय, सगळ्यांना एकेक मिनिट दाखवणार. म्हाताऱ्या म्हणाल्या, "गिरानात कोनी बाहेर निंगते का वो?" पण साडेचारला मिलच्या अंगणात पंधरावीस पोट्टे जमलेच. मिल बंद होती, तरी पुंडलिकरावही खुर्ची टाकून बसले.

कामिनीनं दप्तरातून तो पुठ्ठ्याचा चष्मा काढला अन् तिचं तोंडच उतरलं. कंपासपेटीखाली दबून त्याच्या काळ्या पापुद्र्यावर ओरखडा पडला होता. तिनं मोबाईलचा टॉर्च लावून त्यातून पाहिलं. उजेडाची बारीक रेघ आत आली.

"नाई जमत," ती म्हणाली. "हा कोनीच नाई लावायचा. मी पन नाई."

"एवढ्याशा रेघेनं काय होते व?" पोट्टे ओरडले. "फुकटची फुशारकी मारून राहिली होती!"

कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं चष्म्याचे सरळ दोन तुकडे केले. ललिताबाईची छाती दोन वीत फुगली. आठ दिवसांची हौस स्वतःच्या हातानं मोडायला जिगर लागते, बाप्पा!

तेवढ्यात कवडू हमाल घरातून धावत आला. "हे घ्या रे, माह्या गुडघ्याचा एक्स-रे. मस्त दिसते यातून!"

पोट्ट्यांनी झडपच घातली. कामिनी घसा फोडून सांगत होती, "नोका पाहू! डोळे जाते!" पण ऐकतो कोण?

ललिताबाईनं मुकादमाकडे पाहिलं. पुंडलिकराव चार हातांवर बसलेले. बोलावं तर पोटावर पाय, न बोलावं तर या लेकरांचे डोळे. ती पुढे झाली अन् कवडूच्या हातातून एक्स-रे हिसकला.

"पंच्याण्णवच्या दिवाळीत असंच गिरान होतं," ती म्हणाली. "मी माहेरी बपेऱ्यात होती, अकरा वर्साची. बापाच्या छातीच्या एक्स-रेतून सूर्य पाह्यला. दुखलं नाई, खुपलं नाई. दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यासमोर काळा डाग. जिकडं पाहावं तिकडं मधोमध तोच. या डोळ्यानं म्या माह्या पोरीचं तोंड कधी धड नाई पाह्यलं."

पोट्टे मागे सरले. कामिनी आईकडे बघतच राहिली. ललिताबाईनं मान खाली घातली नाही. गेली नोकरी तर गेली.

"भाऊ," ती पुंडलिकरावांना म्हणाली, "मिलचं कुलूप काढा."

त्यांनी उठून काढलं. आत अंधार. पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीला जुन्या खिळ्यांची भोकंच भोकं, अन् समोर चुन्यानं रंगवलेली भिंत.

"रोज संध्याकाळी मी इथं निवडत बसते. भोकं पाहा, कोनतं तिकोनी, कोनतं फाटकं. पन कवडसा गोलच पडते. कामिनीनं पुस्तकातलं वाचून दाखवलं तवा समजलं, तो सूर्यच हाये. आता भोकाले डोळा नोका लावू. सूर्याकडं पाठ करा अन् भिंतीकडं पाहा."

पोरं वळली अन् एकच गिल्ला झाला. भिंतभर पुरीएवढे सूर्य, अन् प्रत्येकाचा कोणीतरी घास घेतलेला. घास हळूहळू मोठा होत होता. सुतक पाळणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा दारातून माना वाकवून पाहू लागल्या. कामिनी बोट नाचवत मोजत सुटली.

पुंडलिकराव तिच्याजवळ आले. "ललिताबाई, सतरा वर्सं तुह्या नमुन्यात खडा नाई निंगाला. अन् ते एका डोळ्यानं! आता दोन डोळेवाल्यांले काय म्हनू मी?" मग म्हणाले, "परवा मिल सुरू होते. वेळेवर येजो."

"साठ हायेत, आई!" कामिनी ओरडली. "पुरे साठ!"

ललिताबाईनं उजवा डोळा तळहातानं झाकला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं आपणहून हे केलं. डाग होताच, जागच्या जागी. पण एवढ्या सूर्यांपुढे त्याचं काय चालणार? तो बिचारा एकच झाकू शकला.

"काय करून राहिली तू?" कामिनीनं तिचा पदर ओढला.

"मोजून राहिली व," ललिताबाई म्हणाली. "एकोनसाठ."