खुर्चीची खोळ

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि ह्यांचे गुडघे पहिल्या मजल्यावरच संपणारे. मागच्या हिवाळ्यात कसेबसे वर चढले ते पुन्हा उतरलेच नाहीत. खिडकीशी बसून खालच्या गवताकडे बघायचे आणि मी खाली जाऊन आले की विचारायचे, "अगं, जमीन आहे ना अजून जागेवर?"

"आहे हो," मी म्हणायची. "तुमची चौकशी करत होती."

लेकीने तिच्या शेजारी तळमजल्यावरचं एक घर शोधलं. दार उघडलं की अंगण, मध्ये एक पायरी नाही. पण त्याचे मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते, आणि आमचं विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. जावई म्हणाले, विकेल तेव्हा विकेल, निदान बाबांना चार माणसं लावून आधी खाली तरी आणू.

"चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं," हे म्हणाले. "तेव्हा मला कळणार नसेल म्हणून चालेल. शुद्धीत असताना नाही."

"मग उतरणार कसे?" मी विचारलं.

"आधी घर तर विकू दे."

घर झटपट विकून देणारी म्हणून लेकीने एक बाई पाठवली. घर सजवणं हे तिचं काम, पण तिच्या लेखी सजवणं म्हणजे काढून टाकणं. आल्या आल्या भिंतीवरचे फोटो उतरवले. "येणाऱ्याला इथे स्वतःची माणसं दिसली पाहिजेत काकू, तुमची नकोत." मग कॅलेंडर, औषधांचा डबा, ह्यांची काठी, खिडकीतून भाजी वर ओढायची माझी दोरीची टोपली, सगळं पलंगाखाली गेलं. त्याबदली काचेच्या भांड्यात प्लास्टिकची लिंबं आली, पलंगावर उशांचा डोंगर, आणि न्हाणीघरात असे टॉवेल, ज्यांना अंग पुसायची बंदी. आम्ही जुन्या चादरीला अंग पुसायचो आणि ती ओली चादर उशांमागे दडवायचो. एकदा हे सरबतासाठी लिंबू पिळत बसलेले दिसले. "फारच चिकट आहे गं हे," म्हणाले.

ती येऊन गेली की घरातलं काहीतरी कमी व्हायचं, म्हणून ह्यांनी तिचं नाव ठेवलं वजाबाई.

गिऱ्हाइकं ती संध्याकाळीच आणायची. आमच्या घराला तो उजेड शोभतो म्हणे. नेमकी तीच माझ्या दिव्याची वेळ. तिन्हीसांजेला मी दिवा लावते आणि तो आपणहून शांत होईपर्यंत कुणाशी बोलत नाही. हा नेम कशासाठीही मोडलेला नाही, तेव्हा आता दिवाही वजा होणार, असं वाटून मी धसकलेच होते. वजाबाईने मान तिरकी करून बघितलं. "दिवा राहू दे, छान वाटतो. काकूही राहू देत. हलत नाहीत, बोलत नाहीत." मग ती ह्यांच्याकडे वळली. "काकांचं काय करायचं?"

काकांना खाली पाठवता येत नव्हतं. येत असतं तर घर कशाला विकलं असतं? आणि काका दिसले की गुडघ्यांचा विषय निघणार, गुडघे निघाले की जिना निघणार. पहिल्या खेपेला तिने ह्यांना कपाटात उभं केलं. आलेल्या जोडप्याने कपाट किती खोल आहे ते बघायला दार उघडलं, तर आत दोन कोटांच्या मधोमध हे. "नमस्कार," म्हणाले. ते जोडपं आमच्या जिन्यावरून जितक्या चपळाईने उतरलं, तितकं आजवर कुणी उतरलेलं नाही. दुसऱ्या खेपेला न्हाणीघरात पडद्याआड बसवलं. तिथे ह्यांना झोप लागली. गिऱ्हाइकाने घोरणं ऐकलं आणि नळ नादुरुस्त आहेत असं सांगून ते निघून गेलं.

महिना संपत आला. लेक फोनवर रडकुंडीला आली. तेव्हा वजाबाई एक पांढरी, लेसची झालर असलेली खोळ घेऊन आली.

"ही तुमच्या त्या जुन्या खुर्चीसाठी. काका, उठा जरा."

"उठायला वेळ लागेल," हे म्हणाले.

ती थबकली. "मग उठूच नका," म्हणाली, आणि खुर्चीसकट ह्यांच्यावर खोळ घातली. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, चुण्या काढल्या, पोटावर एक उशी खोचली, आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. "काय ऐसपैस दिसतेय!"

"मला जरा चहा पाजा कुणीतरी," खोळीतून आवाज आला.

"खुर्ची चहा घेत नाही, काका."

त्या संध्याकाळी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. अंगाने चांगल्या भारदस्त, एकट्या, आणि तीन जिने चढून इतकी धाप लागलेली की नमस्कारसुद्धा हातानेच. दिवा नुकताच लावलेला. वजाबाईने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, तोवर बाईंनी खोलीभर नजर फिरवली, सगळ्यांत ऐसपैस खुर्ची निवडली, आणि बसल्या.

मी ओठ घट्ट मिटले. वातीकडे बघितलं. देवा, आजच मेलं तेल हात सैल सोडून घातलं होतं.

"उबदार आहे हो खुर्ची," बाई म्हणाल्या.

"जुनी घडण, मॅडम," वजाबाईचा चेहरा खोळीसारखा पांढरा झाला होता. "आता अशा मिळत नाहीत."

"जिना मात्र जीव घेतो."

"छे, सवयीचा प्रश्न! इथले काका-काकू रोज फिरायला उतरतात."

बाईंनी सुस्कारा सोडून पाय लांब केले. "आई गं, माझे गुडघे!"

"माझेसुद्धा," खुर्ची म्हणाली.

बाईंनी उठायचा प्रयत्न केला, पण उठणं त्यांच्याही हातात नव्हतं.

"कोण बोलतंय?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"घरमालक. आणि ही पोरगी धादांत खोटं बोलतेय. मागच्या हिवाळ्यात चढलो तो उतरलेलो नाही. फिरायला कसला जातोय! गुडघे असलेल्या माणसाने हे घर घेऊ नये. घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण आधी उठा."

वजाबाईने तोंड झाकून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढून ते अंगण, ते बिनपायऱ्यांचं दार, सगळं सरकून गेलं.

"म्हणजे इथे कुणीच चढून येत नाही?" बाईंनी विचारलं.

"सख्खी बहीण येत नाही. मान वर करून बघते आणि खालूनच हाका मारते."

"आमच्या घराण्यात सगळ्यांचेच गुडघे वाईट," बाई सावकाश म्हणाल्या. "तिन्ही भाऊ. भावजया तर विचारूच नका. आयुष्यभर त्यांची उठबस केली. शाळा सुटली की घरात दुसरी शाळा. आता म्हणतात, तू एकटीच आहेस, आम्ही रोज येत जाऊ." त्यांनी खोलीकडे नव्याने बघितलं. "पण मी वर राहिले तर भाजीपाल्याचं काय?"

"पलंगाखाली दोरीची टोपली आहे. ही रोज ओढते."

"दाखवा."

वजाबाई पलंगाखाली शिरली. बाईंनी टोपलीची दोरी ताणून बघितली आणि म्हणाल्या, "घेतलं. उद्याच कागद करू. ही खुर्ची मात्र घेऊन जा. फार बोलते."

बाईंना उठवायला वजाबाई आणि मी, दोघी लागलो.

घर रिकामं करायचा दिवस उजाडला. हमाल दुपारचे यायचे ते संध्याकाळी आले, आणि सामान उतरेपर्यंत माझी वेळ झाली. रिकाम्या खोलीत दिवा लावला. खुर्चीत हे. बाकी काही उरलं नव्हतं.

मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "काकांना उचलायचंय का?"

"काकांना नाही," हे म्हणाले. माझ्याकडे बघून हात पुढे केला. "अगं, ती खोळ दे."

मी घातली. चुण्यासुद्धा काढल्या.

"आता उचला. खुर्चीला कसली लाज?"

चौघांनी उचललं. जिन्यातला बल्ब गेलेला, म्हणून पुढे मी, ओंजळीत दिवा, आणि मागे ती पांढरी खुर्ची. पावलं आपोआपच सावकाश पडत होती. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने दार उघडलं, बघितलं, आणि त्याचे हात जोडले गेले.

"काकू! काल तर खिडकीत दिसले होते हो!"

दिवा जळत होता, मी नुसती मान हलवली. नाही, तसं नाही. त्याला ते दुःखच वाटलं. त्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. हमालांनीही उगाच माना खाली घातल्या.

"मास्तर," खोळीतून आवाज आला, "माझी पँट तुमच्याकडेच आहे अजून."

शिंप्याने भिंत धरली. "उद्या देतो," सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

खाली गवतात खुर्ची टेकली. हमाल टेम्पो उघडायला गेले. झालरीखालून एक पाऊल बाहेर आलं, चपलेतून निसटलं आणि गवतावर टेकलं. मग दुसरं. किती वेळ ती दोन पावलं तिथेच होती, बोटं मिटत, उघडत.

वारा नव्हता. दिवा तेल संपेपर्यंत जळला आणि शांत झाला.

"अहो," मी म्हटलं, "आहे ना जमीन जागेवर? या आता बाहेर."

"थांब गं," खोळीतून हे म्हणाले. आवाज ओला होता. "शिंपी बघतोय."