हाताचं माप

दामिनीने हातमोज्यांपुढचा ‘किरकोळ’ हा शब्द खोडला आणि त्या जागी ‘हात’ असं टाइप केलं. मग खुर्ची मागे सारून ती जरा वेळ पडद्याकडे बघत बसली.

हिंगण्याच्या या कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग बनत. कुठली वस्तू कुणाकडून आणि कशी घ्यायची, याचं पुढच्या वर्षाचं धोरण खरेदी विभागात तिच्याकडे आलं होतं. एआय असिस्टंटकडून करून घे, असा विभागप्रमुख मनोहररावसाहेबांचा हुकूम. असिस्टंटनेही मुकाट्याने खरेदीचे गट पाडून दिले: पोलाद, रंग, खोकी, वाहतूक. उरलेलं सगळं किरकोळ. किरकोळात झाडू, चहापत्ती, फिनाइल आणि हातमोजे. किरकोळ एकाच मोठ्या पुरवठादाराला द्यावं, असा सल्ला. म्हणजे हातमोजे शिवणारा मीराबाईंचा बचत गट बाहेर.

दामिनीला रागच आला. हातमोजे किरकोळ कसे, असं तिने त्यालाच विचारलं.

‘तुमच्या स्टोअरच्या नोंदींत ते तिथेच आहेत,’ उत्तर आलं. ‘ते घालून काम करणाऱ्यांचं म्हणणं माझ्याकडे नाही. तुम्ही विचारू शकाल का?’

याला निदान आपल्याला काय माहीत नाही ते माहीत होतं. साहेबांना तेही माहीत नव्हतं. मोठ्या पुरवठादाराचा नमुना घेऊन ती प्रेस शेडमध्ये गेली. तिथे प्रेसवर काम करणाऱ्या सत्यवतीने मोजे चढवले. बोटांची टोकं पुढे रिकामी लोंबत राहिली.

“हे घालून मी पत्रा धरू का मोजा धरू?” सत्यवती म्हणाली. “मीराबाई पेपरावर पंजा ठेवून माप घेते, मॅडम. एकेकीचं. हे कोनाच्या मापाचं हाय?”

दामिनी वर आली ती तो शब्द खोडायलाच.

मनोहरराव टेबलाशी बसून धोरणाची छापील पानं उलटत होते, दामिनी समोर उभी होती. ‘हात’पाशी ते थांबले.

“हातमोजे वेगळे? हे तं तूच मागं म्हणत होती. मी नाही म्हटलं होतं.” मग त्यांचा चेहरा निवळला. “असिस्टंटनं काढले नं? मग बरोबर असन.”

त्यांनी खिशातून पेन काढलं. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, आणि साहेबांचा सोनार हल्ली कॉम्प्युटरात बसत होता. ती गप्प राहिली तर सही होत होती, मीराबाईंचं काम राहत होतं. पण आपलं म्हणणं दुसऱ्याच्या नावावर खपवणं दामिनीच्या जिवावर आलं.

“नाही, सर. त्यानं किरकोळमध्येच टाकले होते. वेगळे मी काढले.”

पेन थांबलं.

“काहून?”

तिने नमुन्याचा मोजा त्यांच्यापुढे ठेवला. “हा घालून सही करा, सर.”

“गंमत करून राहिली का?”

“नाही.”

साहेब चणीने लहान, पंजाही लहानच. चिडून त्यांनी मोजा घातला आणि पेन धरलं. लोंबणारं टोक मधे आलं, पेन निसटून टेबलाखाली गेलं. त्यांनी मोजा ओढून काढला.

“सत्यवतीला पत्रा धरताना तो काढता येत नाही, सर.”

मनोहररावांनी वाकून पेन उचललं.

“वरून कोणी विचारलं तं तुझं नाव सांगीन मी.”

“सांगा. म्हणूनच शेवटच्या पानावर ते लिहिलं आहे.”

त्यांनी मोजा टेबलाच्या कडेला सारला. दामिनीने तो उचलून परत कागदाशेजारी ठेवला आणि सहीची वाट बघत तिथेच उभी राहिली.